बर

काल संध्याकाळी सहापासून
दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास.
वास लिंबाचा, चव खाडीची,
आणि संडासाच्या दाराशी शालन,
मोबाइलमधलं घड्याळ धरून,
पाळीवरचा टाइमकीपर जणू.
दोन दिवस मटकी नाही, पालेभाजी नाही,
टोमॅटोची बीसुद्धा नाही.
लोकमान्य नगरात नळाला पाणी येतं पहाटे साडेचारला,
तोवर माझ्यात काही उरलंच नव्हतं.

ही तिसरी खेप.
पहिल्यांदा दोन निघाले. तीन वर्षांनी चार.
डॉक्टर केंकरे त्यांना पॉलिप म्हणतात,
समजावताना कोंब म्हणतात.
मी मनात म्हणतो, बर.

एकतीस वर्षं वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, टूलरूम.
भोक पाडलं की पलीकडच्या काठाला
धातूची बारीक झालर उठते, ती बर.
डोळ्याला दिसत नाही. बोट फिरवलं की कापते.
कानस मारायची, पॉलिश पेपर मारायचा, पुढचा नग.
घैसास मिस्त्री कळव्याहून सायकलनं यायचे,
एकदा माझ्या हातातून कानसच काढून घेतली.
"किती घासशील? दर नगाला येतेय ना?
मग भोकात काय बघतोस, ड्रिल बघ.
धार मेलीय त्याची."

केंकरे बाईंनी विचारलं, दिवसाला किती?
म्हटलं, बंद आहे.
शालननं खिडकीकडं पाहिलं.
म्हटलं, म्हणजे कमी आहे.
बाई पेन टेकवून थांबलेल्या.
पाच.
पेन हललं नाही.
नऊ. रविवारी बारा.

मला एक कळत नव्हतं.
धूर वर जातो.
भट्टीचा, उदबत्तीचा, जवाहर बागेतल्या चितांचासुद्धा.
छातीचं मान्य. घशाचं मान्य.
खोकला मी कधी नाकारला नाही.
पण हा तळघरात उतरला कसा?

बाई म्हणाल्या, धूर कशाला उतरतोय, रक्त उतरतं.
रक्ताला मजले नसतात काका.
मी आज काढीन, पुढच्या वेळी काढीन,
पण ओढणाऱ्याला ते पुन्हा यायचा धोका जास्त.
आणि दर वेळी ते नुसते कोंबच असतील,
असं मी लिहून देणार नाही.

म्हणजे कानस त्यांच्या हातात,
आणि मेलेली धार
माझ्या शर्टाच्या खिशात, माचिसच्या शेजारी.

डावीकडं वळा, सिस्टर म्हणाली.
मग सुई, मग काहीच नाही.

जागा झालो तेव्हा फोटो दाखवले.
गुलाबी, ओलसर, बोअर केलेल्या सिलिंडरसारखा मी,
एवढा नीट मी बाहेरून कधीच नव्हतो.
आणि तीन ठिकाणी, तो काठ.
तीन.
"चारचे तीन झाले," शालन म्हणाली,
जसं काही मी परीक्षेला बसलोय.
लॅबच्या बाटलीवर गुरवचं गौरव झालेलं,
ते तिनंच दुरुस्त करून घेतलं.
रिपोर्ट आठ दिवसांनी.

आमच्या कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे.
दुपारी तिथली पोरं खाली येतात,
गळ्यात पट्टे, बोटांत पेटलेली.
टपरी मात्र तीच, राजदेवची.
औषधं आणायला म्हणून निघालो,
पाय तिकडं वळले.
राजदेवनं विचारलं नाही, एक काढून पुढं केली.
एकतीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नाही.

मी ती उजेडात धरली,
ड्रिल धरतात तशी, टोकाकडून,
एक डोळा मिटून.
शेजारचा पोरगा हसला. लायटर पुढं केला.
मी नको म्हटलं नाही. घेतलाही नाही.
कानामागं खोचली, आम्ही पेन्सिल खोचायचो तशी,
आणि घरी आलो.

शालननं पाहिलं.
तिनं भात वाढला, तूप वाढलं,
कानाकडं हात नेला,
आणि तसाच मागं घेतला.
"काय माप घ्यायचंय?" म्हणाली.