एकच बाण

विंडहूकच्या विमानतळावर अधिकाऱ्याने
दुलईत गुंडाळलेला माझा आरसा उलगडला.
आठ इंची. दोन वर्षं हाताने घासून उतरवलेला,
कड जरा पडलीच आहे, पण ती मलाच ठाऊक.
त्याने त्यात स्वतःचा फुगलेला चेहरा पाहिला,
टोपी सरळ केली,
मग विचारलं, "एवढ्या लांब, कशासाठी?"
मी वर बोट केलं.
वर पंखा होता.

दिवसा आम्ही पर्यटक.
तांबड्या वाळूवर दोन पावलं चढतो, एक घसरतो,
उभ्या उभ्या वाळून गेलेल्या काळ्या झाडांना
खांद्यावर हात टाकल्यासारखे बिलगून फोटो काढतो,
ओरिक्स दिसला की गाडीत सगळे एका बाजूला कलंडतो
आणि एकमेकांकडे सनस्क्रीन उसनं मागतो.

रात्री कुणी कुणाचं नाही.
इल्झेबाईंच्या फार्मच्या खिडक्यांवर जाड कांबळी,
लाल टॉर्च, बोटं बधिर,
आणि आयुष्यभर दक्षिणेकडे मान वळवून शोधलेला वृश्चिक
थेट टाळूवर,
नांगी उगारलेली. चहा ओततानाही मी अंग चोरलं.

पहाटे तीनला लीवेन ओरडला.
गेंटचा हा दंतवैद्य एरवी कुजबुजतच बोलतो.
त्याची चामड्याची पेटी, सगळी आयपीस तिच्यात,
काहीतरी फरफटत नेत होतं.
चाळीस पावलांवर ती पडली.
लाल उजेडात तिच्यापलीकडे दोन डोळे
पेटले, विझले,
पुन्हा पेटले. या वेळी जरा वर.
कुणी म्हणालं कोल्हा. कुणी म्हणालं तरस.
माझ्या मनात पाल चुकचुकली
आणि नेमका तसाच आवाज शेजारून आला.
हिस्किया होता, कुत्र्याला काही सांगत होता.
त्याच्या नामा भाषेत तो आवाज म्हणजे अक्षर.
आपण जो हळहळण्यात खर्चून टाकतो,
त्यात हे लोक पाणी मागतात, पोरांना हाका मारतात.

"बसा," तो म्हणाला. "कुणी जायचं नाही."
पूर्वेला मृग उगवत होता, कुशीवर झोपल्यासारखा.
काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं,
आमच्याकडे हे हरीण, हे तीन तारे म्हणजे
त्याच्या पोटात रुतलेला बाण,
आणि मागून येईल तो व्याध.
"म्हणजे तुमच्याकडे नेम लागला," हिस्किया म्हणाला.

"आमच्याकडे हे तीन झेब्रे."
मग कृत्तिकांकडे हनुवटी करून,
"त्या सगळ्या एकाच्या बायका.
बजावलं त्याला, शिकार आण, नाहीतर येऊ नकोस.
हा निघाला एकच बाण घेऊन.
चुकला.
तो बघा, तिथेच पडलाय.
आणि तो तांबडा तारा म्हणजे सिंह.
बाण उचलायचा तर सिंह.
घरी जायचं तर बायका.
बसलाय मग. उपाशी. अशाच थंडीत."

लीवेन आपल्या पेटीकडे बघत राहिला.
कुणीतरी त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली.
मी दुर्बिणीला डोळा लावला,
बाणाच्या जागी धुकं दिसलं, त्यात चार कोवळे तारे,
एका बाजूला किंचित पसरट,
त्या पडलेल्या कडेमुळे.
किती वर्षं मी हे पाहत आले
आणि सुटलेला बाण लागतोच, असं धरून चालले.

उजाडलं. आधी झेब्रे पुसले गेले, सिंह मागाहून.
हिस्किया चालत गेला, पेटी घेऊन आला.
कातड्यावर दातांच्या चार खुणा,
आतली भिंगं सगळी शाबूत.
लीवेनने त्या खुणा अंगठ्याने चाचपल्या,
सवयीने,
आणि म्हणाला, "सुळे. निरोगी आहेत."

मी मात्र पाहिलं होतं,
हिस्किया तिथे वाकला होता, वाळूतल्या ठशावर
पंजा पसरून माप घेत,
आणि उठताना ठसा बुटाने पुसून टाकला होता.
"कोल्हाच ना?" मी विचारलं.
त्याने तोच आवाज काढला, जिभेने, दातांमागून.
अक्षर होतं की हळहळ,
मला अजून कळलेलं नाही.