मुरूम

मानवतला जिनिंगच्या मागचं मैदान काळं आहे.
काळं म्हणजे असं, की चैतात भेगेत हात घातला
तर ग्लोव्हसकट मनगटापर्यंत जातो,
आणि भादव्यात सेकंड बेस रातोरात
शॉर्टस्टॉपकडे चालत येतो.
दर साली स्पर्धेआधी दोन ट्रॉल्या मुरूम पडायचा,
मुथा शेठ नारळ फोडायचे,
मैदान लाल. फोटोपुरतं.
चार दिवसांत काळं खालून वर.

संघ पण तसाच होता आमचा.
कॅचर जळगावचा, दोघं नाशकाचे,
एसटीचं भाडं, मटण, वर पाकीट.
बॅट फिरवायची त्यांनी, सर्टिफिकिटं आमच्या बाकावरच्यांना.
कोणी पोलिसात लागलं, कोणी तलाठी झालं.
पिचर तेवढा गावचा.
तो मी, भगीरथ होगे, वीज मंडळात वायरमन.
खांदा गेला होता, पण बाहेरून दिसत नव्हता.
सामन्याआधी डॉक्टर लाठकरांची एक सुई,
सातव्या इनिंगपर्यंत पुरायची.
रात्री बायको शर्टाची बाही काढून द्यायची.
दोन ढाली आहेत, शेठच्या तिजोरीवर.

मग उर्दू शाळेवर खतीब सर आले.
आल्या दिवशी त्यांनी होम प्लेटजवळ कुदळ मारली.
"किती खोल आहे हे काळं?"
"माणूसभर," शेषेराव म्हणाला.
"मग दीड हात तरी काढू."
शेठ म्हणाले, स्पर्धा महिन्यावर आली.
सर म्हणाले, येऊ द्या की,
पुढच्या साली पण येणारच आहे ती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी.
सातवी-आठवीची पोरं, निम्म्यांना ग्लोव्ह कोणत्या हातात ते माहीत नाही.
मी यादी तीनदा वाचली.
खालून वर पण वाचली.
सर म्हणाले, "होगे, तुझ्या खांद्यात एकच सामना उरलाय.
तो मला नको.
घरी ने, लेकीला उचलायला लागंल."
मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही.

त्या साली परभणीकडून एकोणीस–शून्य.
सेलूकडून चौदा–एक,
तो एक पण त्यांच्या पिचरनं फुकट दिलेला.
टपरीवर लोक म्हणायचे, खतीबनं संघ बुडवला.
मी तिथंच बशीत चहा ओतत बसायचो,
आणि खोटं कशाला बोलू,
गोड लागायचा.
शेठनं पैसे थांबवले. मैदान अर्धं खणलेलं,
खड्ड्यात पाणी, थर्ड बेसवर म्हैस.
सर पगाराला एक ट्रॉली आणायचे. एकच.
पोरं धुमस मारायची, पाणी, परत धुमस,
मग पुढच्या एक तारखेची वाट.

दुसऱ्या साली जिनिंगच्या खांबावर होतो, जंपर बांधत.
खाली उमेर नावाचं एक काटकुळं पोरगं बॉल टाकत होतं.
कोपर खाली पडत होतं त्याचं.
माझं पडायचं तसंच, तिथंच.
"ए, कोपर!"
केव्हा ओरडलो कळलं नाही.
पोरानं वर पाहिलं.
सरांनी पाहिलं नाही,
का पाहिलं नाही असं दाखवलं, देव जाणे.

आता ड्युटी सुटली की जातो.
उमेरला रोज तीस बॉल.
एकतिसावा मागतो. देत नाही.
रुसतो, ग्लोव्ह फेकतो, सायकल घेऊन निघून जातो,
उद्या येतो.

यंदा सेलूकडून हरलो, सहा–पाच.
शेठ गाडीतूनच बोलले, "दोन पोरं बाहेरची घेतली असती तर?"
"जिंकलो असतो," सर म्हणाले,
आणि ट्रॉलीचा भाव विचारला.

लेफ्ट फिल्डचा कोपरा तेवढा राहिलाय, काळाच.
तिकडं बॉल गेला
की उसळंल का भेगेत जाईल, सांगता येत नाही.
बाकावरचे सगळे उभे राहतात.
मी पण.