गुंज कमी

आमच्या तात्याचं नाव गुंडू.
निवडणूक आली की रायफल जमा करायला
तो खानापूरच्या ठाण्यात जायचा
आणि जमादार दर वेळी तेच हसायचा:
हेसरु गुंडू, जमा करतोस तेही गुंडुच!
कन्नडात गोळीला गुंडु म्हणतात.
पावतीच्या त्या गोल गोल ओळींत
तात्याला फक्त आकडे लागायचे.
तेवढ्यावर त्याचं भागायचं.

आमचं गाव गर्लगुंजी.
काडतुसं तो घरीच भरायचा,
स्वतःची, आणि दोन्हीकडच्या ओळखीच्यांची.
वजनं मात्र माझ्याकडं.
कुंपणावरच्या गुंजा वेचायच्या,
किडक्या, पोचट फेकायच्या,
लाल-काळ्या, टणक तेवढ्या डबीत.
सोनाराकडनं आणलेला तराजू,
इकडं शिसं, तिकडं गुंजा,
आणि काटा थांबेस्तोवर
श्वास घ्यायचा नाही.

साचे दोन होते.
हेमाडग्याच्या देसायांना जड लागायची.
“तिकडं बांबूची जाळी, गे.
हलकी गोळी पानाला लागली तरी रुसते,
दुसरीकडंच जाते.
जड कुणाला विचारत बसत न्हाई.”
बैलहोंगलच्या इंचल वकिलांना हलकी.
तिकडं जोंधळा कापलेला काळा माळ,
लांबवर काळवीट, मधे नुसता वारा.
“तिथं जड घातली तर
खाली बघत बघत जाते, म्हातारीगत.”

अडायचं ते स्वतःच्या भेकराला.
भेकर ते केवढं? पाटीएवढं.
जड गोळी आरपार जाते,
मधे कोण होतं
तिला कळतसुद्धा नाही.
हलकी आतच फुटते,
मग कातडं सोडवताना तात्या गप्प.
दोन्ही साचे मांडीवर घेऊन
तो चिमणीपुढं बसून राहायचा.
मी विचारलं, मधली नसते काय?
“मधलं म्हंजे आपलं गाव.
दोन्हीकडनं बोलणी.”

त्या वर्षी त्यानं हलकी घातली.
भेकर घरी आलं,
आणि मागोमाग चपटी झालेली गोळी
वाटीत धुऊन माझ्यासमोर.
“तोल.”
अशी सापडलेली प्रत्येक गोळी तो परत तोलायचा.
जाताना साठ गुंजा होती.
येताना एक्कावन्न.
मी पुन्हा मोजल्या.
नऊ कमी.
“झिजतंय,” तात्या म्हणाला,
आणि उठून हात धुतले.

रात्री तिसऱ्या घासाला
माझ्या दाढेखाली कचकन आवाज झाला.
खडा म्हणून तळहातावर थुंकले.
खडा नव्हता.
कुणाला न सांगता परकराच्या ओच्यात बांधलं
आणि सकाळी तराजूत टाकलं.
बरोबर एक गुंज.

तात्या मागे कधी आला कळलं नाही.
काटा थांबेपर्यंत त्यानंही श्वास धरला असावा.
मग पडवीकडं बघत राहिला.
बाप विडी ओढत होता,
आई, काकी, आतेचा लुमाण्णा,
दोन धाकटी, पाहुणा आलेला मारिहाळचा भरमा,
आणि तो स्वतः.
मला धरून नऊजण जेवलो होतो.

तो काही बोलला नाही.
आईला म्हणाला, कालवण उरलं असंल तर
कुत्र्याला पण घालू नको.

पुढं कायदा आला,
रायफल ठाण्यात गेली ती परत आली नाही.
जमादार तोपर्यंत बदलला होता.
नवा हसला नाही,
त्यानं नाव दोनदा विचारलं.

तराजू माझ्याकडं आहे.
खडेबाजारातल्या गाळ्यात त्यावर
केशर तोलते, जायपत्री तोलते.
गुंजा गेल्या, पितळी वजनं आली.
रिकामा असला तरी
एक पारडं जरा खालीच राहतं.
चोखंदळ गिऱ्हाईक लगेच बोट दाखवतं:
बाई, पासंग हाय की यात.
हाय, म्हणते,
आणि त्यांच्या बाजूला
एक काडी जास्त टाकते.