भेटीचं कारण

त्या ठरावाचं अक्षर माझं आहे.
पंचायतीचा कारकून तापानं पडला होता,
म्हणून शाळेतून मला बोलावलं
आणि मी समास सोडून, वळणदार लिहिलं:
नदीकाठची पडीक जागा, वापरात नसलेली,
बोट क्लबास तीस वर्षांच्या करारानं.
पडीक हा शब्द त्यांचा.
त्यावरची शिरोरेघ मात्र माझ्या हातची,
एकदम सरळ.

आज ग्रामसभा. मुदतवाढ, विषय क्रमांक सात,
गटाराच्या झाकणांनंतर, कुत्र्यांच्या लसीच्या आधी.
खुर्च्या चाळीस, माणसं दोनशेच्या वर.
क्लबचे वकील पहिल्या रांगेत, मांडीवर आराखडा:
नवी जेट्टी, नवा बगीचा,
निळ्या रंगात पोहणारा एक छापील बगळा.
बगळा पोहत नाही, मागून कोणीतरी म्हणालं.

सुभद्रा हळर्णकर उठली.
शापोऱ्यातून तशीच आली होती, ओल्या लुगड्यानं,
टोपलीत तिसऱ्या, अजून तोंडं मिटून.
म्हणाली, माझ्या आवयेच्या वेळी
वडापासून पाण्यापर्यंत सत्तर पावलं.
आता कुंपणाला वळसा घालून, बांधावरून, मानशीवरून,
दोन हजार शंभर.
डोक्यावर ओझं असलं की माणूस मोजतोच.
ओहोटी काय माझ्यासाठी थांबते?

वकील म्हणाले, वाट बंद कुठं आहे?
फाटकावर वही आहे. नाव लिहा, आत या.

तेव्हा पास्कू उठला आणि सभा गप्प झाली,
कारण ती वही पास्कूच्याच टेबलावर असते.
एकवीस वर्षं. मुलीची नर्सिंगची फी
त्याच फाटकातून गेली.
म्हणाला, क्लब गेला तर माझा पगार कोण देणार? तुम्ही?
कोणी बोललं नाही.
पत्र्यावर माडाचं चुडत आपटत राहिलं.
म्हणाला, पण वही मी आणली आहे.

आणि वाचू लागला, चष्मा विसरला म्हणून लांब धरून.
चवथ. गणपती बावीस. वेळ चार ते सहा.
भेटीचं कारण: विसर्जन.
खाली: वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
सांजांव, सात मुलगे, उडी मारायला. परवानगी नाही.
गुणाजी चोडणकर, पागेर घेऊन. कारण: जेवण.
एका पानावर नुसता अंगठा,
शेजारी पास्कूच्याच अक्षरात: नवऱ्याची राख.
आणि 'कोणाला भेटायचंय' या रकान्यात,
गेल्या मे महिन्यात, पेन्सिलीनं, एका पोराच्या हातचं:
नदीला.

लोक हसले. मग हसू ओसरलं
जसं पाणी ओसरतं,
खाली काय काय रुतलंय ते दाखवत.
त्या 'न'चं वळण मी ओळखलं.
मी शिकवलेल्या कोणीतरी शिकवलेलं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं.
उठलो, जरा उशिरा. गुडघे, आणि तो शब्द.
म्हटलं, जागा पडीक नव्हती.
मी पाहायला गेलोच नव्हतो.
शाळेच्या पायरीवरून दिसायचे खारफुटीचे शेंडे
आणि मध्ये मध्ये ओणव्या बायकांच्या पाठी.
पाठींना मी वापर म्हटलं नाही, इतकंच.

सरपंच म्हणाले, मास्तर, भाषण नको, नोंद सांगा.
हात वर झाले. पास्कूचा अर्ध्यावर;
डोकं खाजवतोय की मत देतोय
हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.
इतक्यात वीज गेली, सचिवाचा संगणक विझला,
आणि कागद पुन्हा माझ्याच पुढ्यात आला.

आता हात कापतो.
'विरोध'वरची रेघ वर चढली, खाली आली,
नदीच्या नकाशासारखी.
खरा निकाल पणजीला लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं,
तरी सह्यांची रांग दारापर्यंत.

सुभद्रा सहीला थांबली नाही.
टोपलीत तिसऱ्या तोंडं उघडू लागल्या होत्या,
आणि घर अजून दोन हजार पावलांवर.