श्रावणातली काकवी

चौतीस वर्षं झाली मिरजेत,
जिन्याखालच्या ह्या खोलीत लोकांची लघवी तपासतोय.
साखर, अल्ब्युमिन, पू-पेशी.
जेवायला बसलो की बायको अजून म्हणते,
हात परत धुवा.

ती आली तेव्हा बाटली पदराखाली होती,
कुल्फीवाल्याकडून मागून आणलेल्या बर्फात.
लेबलवर: राजमती मगदूम यांची मुलगी, दिवस आठवा.
बारसं व्हायचं होतं.
"वास घेऊन बघा," म्हणाली,
"तुम्ही तरी."

दुधगावात कुणी घेतला नव्हता.
ऊसपट्ट्यातलं पोर, गोडच वासाचं निघणार, म्हणाले.
सासू म्हणाली, गुऱ्हाळ भिनलंय दुपट्यात.
आधीचा मुलगा अकराव्या दिवशी गेला,
दूध ओढेना, मग पाठ धनुकलीसारखी ताणली,
आणि लंगोटाला हाच वास.
तेव्हाही तिनंच सांगितलं होतं.
ओल्या बाळंतिणीचं कोण ऐकतं.

"गुऱ्हाळं दसऱ्यानंतर पेटत्यात, दादा.
आत्ता श्रावण हाय.
चुलवाण गार पडलंय, काहिलीत मांजर व्यालंय.
मग काकवी कुठं शिजाय लागलीया?"

मी झाकण काढलं.

बागवान मॅडमनी कधीतरी मागवलेली
डीएनपीएचची बाटली मी फ्रिजमध्ये मागं सारली होती.
मुदतीला दोन महिने उरलेले.
थोडी लघवी, तेवढंच ते नारिंगी पाणी,
आणि दहा मिनिटं.
ती बाकावर बसली नाही.
सातव्या मिनिटाला नळी गढुळली,
मग तळाशी पिवळं बसायला लागलं.
हळदीच्या पेठेत लहानाचा मोठा झालोय मी,
पिवळ्याची भीती वाटायचं कारण नव्हतं.

फिल्टर पेपरचा तुकडा लघवीत भिजवून
पंख्याखाली दोरीला चिमट्यानं लावला,
वाळल्यावर पाकिटात घालून कुरियरनं बंगळुरूला.
तिथलं मोठं यंत्र नक्की काय ते सांगणार होतं.
मॅडम यंत्रासाठी थांबल्या नाहीत.
त्याच रात्री आईचं दूध तोडलं.
वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं,
पोर रडलं की हिचा पदर भिजायचा,
आणि ही भिंतीकडं तोंड करून बसायची.

मॅडमनी कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
राजमती आणि भरतेशच्या मधे दोन रेघा.
दोन कशाला, तिनं विचारलं,
लगीन तर एकदाच झालंय.
मामाच्या घरात दिलेली पोर तुम्ही, म्हणून दोन.
कुणाची चूक नाही, मॅडम तीनदा म्हणाल्या.
सासू खिडकीबाहेर बघत होती.

मार्गशीर्षात भरतेश आला, दोन बाटल्या घेऊन.
एकीवर लेबल: चेलना भरतेश मगदूम.
दुसरी कोरी, यंदाच्या पहिल्या काहिलीतली काकवी, माझ्यासाठी.
आमच्या नव्या पोरीनं दोन्ही रॅकवर मांडल्या
आणि कोरीवर नंबर टाकून मोकळी झाली.
आम्ही दोघं हसलो, तो जरा उशिरा.

मग चेलनाची उघडली.
मुताचा वास.
नुसता मुताचा, नाकात चढणारा,
कुणाच्याही पोराचा असतो तसला.
मी परत एकदा घेतला.

मग नियम म्हणून नळी काढली.