बहुसंस्कृती खात्यातला ळ

रास अल खैमाच्या खाडीकाठी, तिसऱ्या मजल्यावर
आमचं खातं: दोन खोल्या, एक मंत्री,
चहा-कॉफीला सोमालियाचा अब्दी,
आणि मी, दिलशाद मुकादम, मूळ मुक्काम बाणकोट,
दुभाषी.

मंत्र्याचं काम म्हणजे नावं घेणं,
असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं.
नेपाळ्यांच्या, मलबाऱ्यांच्या, फिलिपिनो बायांच्या सोहळ्यांत
पहिल्या रांगेत बसायचं, गळ्यात पडेल ते घालून घ्यायचं,
पुढे येईल ते गोड चाखायचं
(साखर डॉक्टरांनी कधीच बंद केलेली)
आणि माइकवरून एकेकाला नावानिशी हाक मारायची.
नावं मी कार्डांवर लिहून द्यायचे, अरबी अक्षरांत,
बसतील तशी.
प नाही त्यांच्याकडे. च नाही. ट नाही.
परबांचे बरब होतात, चव्हाणांचे शफान.
ळ तर विचारूच नका.

"जीभ मागे वळवा, साहेब," मी सांगायचे,
"खजुराची बी टाळूला चिकटलीय
आणि बोट घालायला मनाई आहे, असं समजा."
मग गाडीच्या मागच्या सीटवरून रस्ताभर
ल. ड. र. पुन्हा ल.
ड्रायव्हर गुल जमान आरशात बघून मिशीत हसायचा.

एका गुरुवारी टाइल्सच्या कारखान्यातले तिघे आले.
पायांवर भुकटी. गालिच्याच्या अलीकडेच थांबले.
त्यांच्या खोलीतला चौथा भट्टीपाशी कोसळला होता.
पासपोर्टवर बाळकृष्ण ढवळे,
इस्पितळाच्या कागदावर दफली.
दफली म्हणजे इकडे कण्हेर.
म्हणजे कागदोपत्री माणसं दोन:
एक, जो मेलेलाच नाही,
आणि एक, जो या देशात कधी उतरलाच नाही.
तिकीट दोघांचंही निघेना.
अकरा दिवस शीतपेटीत. आणि तिकडे जामखेडजवळ
त्याची बायको शेजारणीच्या फोनवरून विचारते,
विमान रात्रीचं आहे का?

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं,
भाषांतर करायला फारसं काही नाहीच.
मयत, म्हणाला त्यांतला थोरला. साहेबांनी मान हलवली.
वारस. तारीख. अर्ज.
इथूनच कधीतरी गलबतांत बसून
आमच्या बंदरांना लागलेले हे शब्द,
त्या दिवशी परत उतरले, ओल्या पायांनी,
मला न विचारता.

साहेबांनी शवागाराला फोन लावला.
"दफली नाही," म्हणाले. "नाही, दवले पण नाही. लिहून घ्या."
थांबले. डोळे मिटले.
आणि बी सुटली.
ढ चा ड झाला, तो होणारच होता;
पण ळ आला, अख्खा, घाटावरचा,
रिसिव्हरमध्ये जाऊन पडला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
तिघांतला धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
सही. शिक्का. शिक्का नीट उमटला नाही,
म्हणून पुन्हा शिक्का.

संध्याकाळी मैदानावर लेझीम होती, आधीच ठरलेली.
पेपरात तोच फोटो आला:
मंत्रिमहोदय, हातात लेझीम, उलटी धरलेली.
अहवालात 'कार्यक्रम' या रकान्यात मीही तेच लिहिलं.
दुसरा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

सोमवारी फाइली चाळता चाळता त्यांनी विचारलं,
"ढवळे म्हणजे काय?"
"पांढरं," मी म्हटलं.
त्यांनी आपल्या कंदुऱ्याची बाही उलटून बघितली.
मनगटाशी शिक्क्याची निळी शाई,
धुऊनही न गेलेली.
"अब्दीला चहा सांग," म्हणाले.
"आज साखर घालून."