फेरमोजणी

खुर्चीत आडवे झाल्यावरही मन्मथअप्पांच्या खिशाला
दोन पेन्सिली तशाच.
"छत्तीस वर्षं मोजणी खात्यात. उदगीर, देवणी, थोडं जळकोट.
मोज तू. मी बघतो."

मागच्या दाढेपासून मी कांडी फिरवत निघाले.
पडद्यावर एकेक दात उगवत गेला,
भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टपोरा.
खालच्या पुढच्या चारांपाशी मात्र
हिरडी कधीचीच उतरलेली,
मुळं उघडी, मधे काळे त्रिकोण,
आणि जरा कुठे थांबलं की रक्त.
थुंकी चकाकते, रक्त चकाकतं.
यंत्र दोन्हीला दात समजून टिपतं.

"किती फरक पडतो?"
"धड तोंडात केसाएवढा. तुमच्यात सांगता येत नाही."

"साखळी उन्हात लांबते," अप्पा म्हणाले.
"एका साखळीला एवढंसं. कुणाला कळत नाही.
पण बांधापासून ओढ्यापर्यंत गेलं की
याची विहीर त्याच्या गटात."

हेही तसंच चालतं.
एक फोटो दुसऱ्याला शिवायचा, दुसरा तिसऱ्याला,
पहिला टाका तिरका बसला
की शेवटची दाढ आपल्या जागी भेटत नाही.

पुन्हा फिरवली तर
एकाच दाताला दोन कडा.
"हलालंय ना ते?"
"हो."
"मग त्याच्यावरून मोजू नकोस बाई.
हलत्या दगडावर फळी लावत नसतात."

आणि मग त्रिकोण गेले.
सॉफ्टवेअरनं आपल्याच मनानं भरून टाकले,
गुलाबी, गुळगुळीत,
वीस वर्षांपूर्वीची हिरडी.
अप्पा बघत राहिले. गालाच्या आत जीभ फिरली,
चाचपून परत आली.
"इथं भोक आहे."
"यंत्र भरतं, अप्पा."
"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी ते भरणं बंद केलं.
भोकं परत आली, एकेक.

खाली कंपाउंडर कुणाला तरी नंबर सांगत होता.
अप्पा छताकडे बघत म्हणाले,
"जळकोटच्या अंगाला एकदा बाभळी दाट होत्या.
आत गेलो नाही मी.
अंदाजानं रेघ ओढली. सरळ."
पुढचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
वाटीत थुंकले, तोंड पुसलं.

आधी हिरड्या साफ करू, मी सांगितलं,
रक्त थांबू दे, सूज उतरू दे,
दीड महिन्यानं मोजू.
"तोवर हे?"
"हे कच्चं."
"मग कच्च्याची प्रत दे."

भोकांसकट छापून दिलं.
त्यांनी पेन्सिल काढली, हलणाऱ्या दातावर
बारीक फुली मारली.
कार्डावर मी लिहिलं: स्कॅन अपूर्ण.
त्याच्यापुढे, मला न विचारता,
त्यांनी लिहिलं: फेरमोजणी.
आणि जुन्या सवयीनं
सही, तारीख.